जिव्या सोमा म्हसे : लग्नाच्या भिंतीपलीकडे

(दृश्य : डहाणू तालुका. भातखाचरं, ताडाची झाडं, कुडाची घरं.)

वारल्यांच्या घरी लग्न निघालं की भिंत सारवतात, गेरूने लाल करतात. मग सवासिनी तांदळाच्या पिठाने तिच्यावर चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात. मधोमध पालघट देवी, शेजारच्या लहान चौकात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव. लग्न लावणारी बाई, धवलेरी, गाणं म्हणते, देवांना बोलावते. या चौकाशिवाय लग्न लागत नाही. आणि लग्न पार पडलं की चित्राचं काम संपतं; पुढच्या सारवणात ते निघून जातं.

पिढ्यान्‌पिढ्या हे बायकांचं काम. त्यांची नावं कुणीच टिपून ठेवली नाहीत. म्हणूनच जिव्या सोमा म्हसे यांना कुणी ‘वारली चित्रकलेचे जनक’ म्हटलं की ते पटत नाही. कला त्यांच्या कितीतरी आधीची आहे. जिव्यांनी केलं ते वेगळंच, आणि तेही तितकंच मोठं. घरात लग्न नसतानाही ते चित्र काढत राहिले. देव नसलेलं, रोजचं, आजूबाजूचं सगळं काढत राहिले.

(दृश्य : अंगणातली माती. एका लहान मुलाचं बोट.)

जन्म १९३४चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. सात वर्षांचे असताना आई गेली आणि मुलाचं बोलणंच थांबलं. काही सांगायचं झालं तर तो मातीत रेघा ओढून दाखवायचा.

पुढे ते डहाणू तालुक्यातल्या गंजाडला आले. शेतीबरोबर बायकांच्या हातची ही कलाही त्यांनी उचलली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले. बिहारच्या दुष्काळात, भिंतींवर चित्रं काढणाऱ्या मिथिलेच्या बायकांच्या हाती कागद देणारे हेच कुलकर्णी. इथेही त्यांनी कागद पुढे केला. बायका संकोचल्या, जिव्यांनी तो घेतला. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत चित्रं लागली. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

(दृश्य : शेणाने सारवलेलं कापड. वाटीत पांढरा रंग. बांबूची काडी.)

आता हात पाहा. बांबूची काडी, टोक चावून मऊ केलेलं. तांदळाचं पीठ, पाणी, थोडा डिंक. रंग एकच, पांढरा. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. आकार एवढे मोजके, पण जिव्यांच्या चित्रात एकही माणूस नुसता उभा नसतो. कुणी भात लावतंय, कुणी ओझं घेऊन वाकलंय, कुणी ताडावर चढतंय. कंबर किती झुकली यावरून ओझं किती जड ते कळतं.

तारपा नाच घ्या. मध्ये तारपा हे भोपळ्याचं, फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणारा, भोवती एकमेकांच्या कमरेत हात गुंफलेल्यांची रांग, शंखाच्या वळणासारखी फिरत जाणारी. वाजवणारा वळेल तशी ती वळते. बघताना आपणही वळतो.

आणि मासेमारीचं जाळं. या चित्रांपाशी आम्हाला सगळ्यात जास्त वेळ थांबावंसं वाटलं. पाण्यावर फेकलेलं जाळं जवळजवळ अख्खं कापड व्यापून टाकतं. केसाएवढ्या बारीक रेघा, एकेक घर हाताने भरलेलं. कुठे मासा अडकलाय, कुठे निसटतोय. जाळं फेकणारा माणूस मात्र कडेला, एवढासा. मुंग्यांची चित्रंही अशीच. जवळून पाहिलं तर बारीक खुणा, चार पावलं मागे सरलं की सगळं वारूळ हलताना दिसतं. जिव्यांना जगात स्थिर काही दिसतच नसावं.

(दृश्य : प्रदर्शनांची जुनी छायाचित्रं, भराभर.)

१९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातलं गाजलेलं प्रदर्शन. २००३ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फला ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्याबरोबर प्रदर्शन. २००९ साली नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार, २०११ साली पद्मश्री. राहणं मात्र गंजाडच्या पाड्यावरच.

१५ मे २०१८ रोजी जिव्या गेले.

(दृश्य : शहरातलं दुकान. पिशव्या, कुर्ते, मोबाइलची कव्हरं.)

आज ही माणसं चहाच्या कपावरही नाचतात. बहुतेक ठिकाणी ती यंत्राने छापलेली असतात, सगळ्यांची कंबर सारखीच झुकलेली. खाली नाव नसतं. भिंतीवर लिहिणाऱ्या त्या बायकांचंही नव्हतं. पण त्यांचं चित्र विकायला नव्हतं, देवीसाठी होतं. इथे पैसे कुणीतरी कमावतंय, आणि ते बरेचदा वारल्यांच्या पाड्यापर्यंत पोचत नाहीत. हे आम्हाला सलतं.

(दृश्य : गंजाड, घराची पडवी. वाकून काम करणारे हात.)

जिव्यांचे मुलगे सदाशिव आणि बाळू यांनी वडिलांकडून ही कला घेतली. डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगडच्या पाड्यांवर कितीतरी तरुण आणि आता पुन्हा बायकाही कागदावर, कापडावर काम करतात. चित्राखाली स्वतःचं नाव घालतात.