ईसीएम बदलण्याआधी अर्थ तपासा

नमस्कार श्रोतेहो. ट्रकमालक, चालक आणि गॅरेजमधल्या मंडळींसाठी आजचा विषय आहे इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजेच ईसीएम. मेकॅनिकल पंपाच्या जुन्या गाड्यांना हा डबा नव्हता. पुढे कॉमन रेल इंजिनं आली, धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम आले, १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस फोर आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस सिक्स लागू झालं. आता कुठल्या सिलिंडरमध्ये कधी आणि किती डिझेल सोडायचं, हे ईसीएम ठरवतो. तो बिघडला की गाडीही जागेवर बसते, आणि बदलायचा खर्च मोठा. म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगतो. ईसीएम गेला असं म्हणण्यापूर्वी त्याला करंट आणि अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायची वाट, पुरेसा मिळतोय का, हे लोडवर, म्हणजे बल्बसारखं काहीतरी जोडून करंट वाहत असताना तपासा. पुन्हा सांगतो, लोडवर.

आता एका गाडीची हकीकत ऐका. लासलगावहून कांदा भरून वाशीच्या बाजाराला निघालेली दहाचाकी. नाशिक सोडल्यापासून गाडी मधूनच आचके देत होती. चालक मुरलेला. कसारा घाट उतरायच्या आधीच त्याने गाडी कडेला घेतली, आणि तिथेच इंजिन बंद पडलं. त्याने फार मोठं काम केलं. भरल्या गाडीचं इंजिन उतारावर बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं, हवेचा कॉम्प्रेसर थांबतो, आणि टाकीत उरलेल्या हवेवर ब्रेक मोजकेच लागतात. चालक फोनवर म्हणाला की गाडी आज ठीक नाही, तर मालकांनो, वाद घालू नका. माल एक दिवस उशिरा पोचेल, पण माणूस घरी पोचेल.

तर, सेल्फ फिरतोय पण इंजिन स्टार्ट घेत नाही. चेक लाइट कधी लागतो, कधी नाही. स्कॅनर जोडला तर ईसीएम उत्तर देत नाही. गॅरेजमध्ये निकाल लागला, ईसीएम गेला. भंगारातल्या तशाच एका गाडीचा ईसीएम आणून बसवला. गाडी स्टार्ट झाली! पण काळा धूर, चढाला ओढ नाही, इंजिनात ठोका. कारण त्यातला डेटा दुसऱ्या हॉर्सपॉवरचा आणि इंजेक्टरचे, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलचे कोड दुसऱ्या इंजिनाचे. तशीच थोडे दिवस चालवली, पुन्हा बंद. मग मालकाने कोरा ईसीएम घेतला, प्रोग्रॅमिंग करून बसवला. धूर गेला, ओढ आली, सगळे खूश. आणि एका स्पीडब्रेकरवर गाडी परत बंद.

मग एका वयस्कर इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यांनी लॅपटॉप उघडलाच नाही. ईसीएमचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड काढला आणि करंटची पिन व अर्थची पिन यांच्यात मल्टिमीटर लावला. २४.८ व्होल्ट. सगळे म्हणाले, बघा, सप्लाय तर बरोबर आहे. त्यांनी हेडलाइटचा २४ व्होल्ट ७० वॉटचा बल्ब घेतला आणि त्याच दोन वायरींवर जोडला. बल्ब पिवळट, मरगळलेला लागला आणि मीटर १६ व्होल्टवर उतरला. बल्ब तसाच चालू ठेवून त्यांनी मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी ईसीएमच्या अर्थच्या पिनला. तिथे अर्ध्या व्होल्टच्याही खाली दिसायला हवं. दिसले ८ व्होल्ट!

अर्थची वायर बोटांनी चाचपत ते चासीपर्यंत गेले. ईसीएमच्या ब्रॅकेटच्या बोल्टाखालीच ती आवळलेली होती. दोनेक महिन्यांपूर्वी गाडीची बॉडी नवी बांधली होती, तेव्हा चासी झकास रंगवली आणि थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी, थेट रंगावर आवळलं. बोल्ट उघडला तेव्हा थिंबलाखाली काळ्या रंगाचा थर आणि वायरीच्या तोंडाशी हिरवी बुरशी. त्यांनी लोखंड चकाकेपर्यंत काचपेपरने घासलं, वायर ताज्या तांब्यापर्यंत कापली, नवं थिंबल क्रिंप केलं, दातेरी वायसर टाकून बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस लावलं. बल्ब लखलखीत, आणि मीटरवर ०.१ व्होल्ट. मग मालकाच्या परवानगीने कोपऱ्यात पडलेला मूळचा, पहिला ईसीएम परत बसवला. गाडी अर्ध्या सेल्फवर सुरू झाली.

मग ईसीएम बदलला की गाडी दर वेळी चालू का होत होती? डबा काढताना तोच बोल्ट हलायचा, थिंबल रंगात थोडं रुतायचं, कसाबसा अर्थ मिळायचा. खड्ड्यांनी तो परत सुटायचा. मीटर मात्र जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, म्हणून त्याला २४.८ दिसतात. टाकी भरलेली असली तरी तोंड कोंदलेल्या नळाला धार लागत नाही, तसं हे आहे. धार बघायची तर नळ सोडावा लागतो, म्हणजे बल्ब लावावा लागतो. म्हणून पुन्हा, करंट आणि अर्थ लोडवर तपासा.

अर्थ बरोबर निघाला तर आणखी दोन तपासण्या करा. बॅटरी तोडून कॅनच्या, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरना एकमेकांशी जोडणाऱ्या दोन पिळलेल्या वायरींमध्ये रेझिस्टन्स मोजा. साधारण ६० ओहम हवा. १२० आला तर एका टोकाचा टर्मिनेटर, म्हणजे टोकाला लावलेला रेझिस्टर, सुटलाय किंवा वायर तुटलीय. शून्याजवळ आला तर शॉर्ट आहे. दुसरी तपासणी सेन्सरच्या ५ व्होल्टची. एखादा सेन्सर शॉर्ट झाला की तो ही लाइन खाली ओढतो आणि ईसीएम मेल्यासारखा वागतो. सेन्सरचे कपलर एकेक करून काढा. एखादा काढताच ५ व्होल्ट परत आले, तर तोच सेन्सर गुन्हेगार.

एवढं करूनही ईसीएमच खराब निघाला, तर बदला. इग्निशन बंद करून पाच मिनिटं थांबा, मगच मेन स्विच बंद करा. ईसीएम बंद होताना आतली नोंद लिहून घेत असतो, आणि बीएस सिक्स गाडीत धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाची लाइन रिकामी होत असते. ती अर्धवट राहिली तर आत युरियाचे खडे धरतात. टर्मिनल काढताना आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. डब्यावरच्या स्टिकरचा फोटो घ्या, हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर दोन्ही नंबर जुळले पाहिजेत. कपलर खटक्याने उघडा, वायर धरून ओढू नका. पिनेच्या तोंडात मीटरची सुई खुपसू नका, तोंड पसरतं आणि नवी तक्रार तयार होते. कपलरमध्ये पाणी दिसलं तर सील बदला. आणि सर्व्हिस स्टेशनवाल्यांना हात जोडून विनंती, इंजिनावर प्रेशरचं पाणी मारायचं थांबवा. इंजिन चकचकीत दिसून गाडीला एक रुपया भाडं जास्त मिळत नाही.

डब्याखालचे रबरी बुश कडक झाले असतील तर तेही बदला. प्रोग्रॅमिंग करताना २४ व्होल्टचा चार्जर लावून ठेवा. मध्येच व्होल्टेज पडलं तर नवा ईसीएम तिथेच निकामी होऊ शकतो. प्रत्येक इंजेक्टरवरचा कोड त्या-त्या सिलिंडरच्या नावाने भरा. कोड उलटसुलट झाले की धूर आणि ठोका. बीएस सिक्समध्ये डीपीएफच्या, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या काजळीची आणि राखेची जुनी नोंदही नव्यात आणा. नाहीतर ईसीएम भरलेला फिल्टर कोरा समजतो, रिजनरेशन, म्हणजे साठलेली काजळी जाळणं, उशिरा करतो आणि फिल्टर चोंदतो. इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा, असेल तर चावी जुळवा, ताशी ८० किलोमीटरची वेगमर्यादा सेट आहे ना ते पाहा.

बॉडीवाल्याकडे वेल्डिंगला गाडी गेली तर बॅटरीचे दोन्ही टर्मिनल आणि ईसीएमचे कपलर आधी काढायला लावा, आणि वेल्डिंगचा अर्थ कामाच्या अगदी जवळ लावून घ्या.

इंजेक्टरचे कोड आणि ईसीएमचे नंबर एका कागदावर लिहून आरसीच्या फाइलमध्ये ठेवा. उद्या एखादा इंजेक्टर बदलला तर त्याच दिवशी त्या कागदावरचा कोडही बदला. नमस्कार.