लंडनचा ऑक्टोबर आणि साडूभाऊंचं जॅकेट

(ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेतल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. फळ्यावर विषय लिहिलाय, 'ऑक्टोबरातलं लंडन : काय पाहावं, काय घालावं'. पाहण्याबद्दल मी बोलणार नाही. ते तुमच्या टूरवाल्यांनी रंगीत कागदावर छापून दिलंय, आणि टॉवर ब्रिज काही पळून जात नाही. मी घालण्याबद्दल बोलणार. आयुष्य लक्ष्मी रोडवर सूटिंग-शर्टिंगच्या काउंटरमागे मीटरपट्टी घेऊन गेलं, लेक लंडनजवळ हॅरोला राहते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी अधिकार पोचतो असं मी समजतो. नसेल पोचत तर चहाच्या वेळी सांगा.

अध्यक्षांनी ४० मिनिटं दिली आहेत. शेवटची १५ बॅग भरायच्या यादीसाठी राखून ठेवतो. तुम्ही वही-पेन घेऊन त्यासाठीच आला आहात, दिसतंय मला.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. लंडनला थंडीसाठी कपडे घालायचे नसतात, दारासाठी घालायचे असतात. वेड्यासारखं वाटेल, पण ऐका. ऑक्टोबरात तिथे दुपारी १५-१६ अंश आणि पहाटे ८-९. नोव्हेंबरात दुपारी ११, पहाटे ५-६. आता मला सांगा, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पुण्यात पारा ८-१० वर येत नाही? येतो. तेव्हा तुम्ही काय करता? स्वेटर चढवता, कानटोपी घालता आणि तशीच दारं उघडी टाकून घरात पेपर वाचत बसता. कारण आपली थंडी घरात आणि अंगणात सारखीच असते. दहा-अकराला ऊन वर आलं की एकदाच सगळं उतरवायचं. दिवसातून एकदा घालणं, एकदा काढणं, एवढीच आपल्या अंगाला सवय.

तिथे बाहेर ९ आणि आत २०-२१. खोली तापवणारे रेडिएटर चालू, खिडक्या बंद. दुकान, म्युझियम, बस, कॉफीचं हॉटेल, प्रत्येक दार म्हणजे दहा-बारा अंशांची उडी. अशी दारं दिवसात पंधरा-वीस. आपण मात्र पहिल्या दारासाठी कपडे घालतो आणि उरलेल्या सगळ्या दारांत शिजतो.

आता साडूभाऊ. (हशा) हसू नका, ते आज आलेले नाहीत म्हणूनच सांगतोय. बँकेतून निवृत्त झालेला माणूस. तीन दुकानं पालथी घातल्याशिवाय साधा रुमाल घ्यायचे नाहीत. पण लंडनला निघायच्या आदल्या आठवड्यात मला न विचारता एका दुकानातून जॅकेट घेऊन आले. दुकानाचं नाव घेत नाही, धंदाबंधू आहेत. विक्रेत्याने विचारलं, "काका, कुठे?" हे म्हणाले, "युरोप." झालं. "मग हेच घ्या, उणे वीसपर्यंत गॅरंटी." मला राग याचाच येतो. अहो, गिऱ्हाईक दिवसभर करणार काय हे आधी विचारायला नको? उणे वीस ऑक्टोबरच्या लंडनमध्ये कुठून आणायचं? पण आमच्या धंद्यात ही नवी रीत पडली आहे, युरोप म्हणजे हिमालय. बरोबर थर्मलची जोडी आणि माकडटोपीही गळ्यात मारली.

ऑक्टोबरच्या मध्यातली सकाळ होती. साडूभाऊ तयार होऊन जिन्यावरून उतरले. आत थर्मल, वर-खाली दोन्ही. त्यावर शर्ट, त्यावर मेहुणीने विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर, त्यावर ते जॅकेट, मफलर आणि माकडटोपी. चेहऱ्याचा फक्त चष्मा दिसत होता. हॅरोहून तिथल्या भुयारी रेल्वेच्या मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी पकडली. ती वातानुकूलित असते, त्यामुळे बेकर स्ट्रीटपर्यंत स्वारी खुशीत. तिथे आम्ही बेकरलू लाइनला बदललो.

ही बेकरलू लाइन समजून घ्या, कारण तिथेच माझा सगळा मुद्दा आहे. ती १९०६ साली सुरू झाली. बोगदे खोल, लंडनच्या चिकणमातीत खणलेले. त्या काळी ती माती साधारण १४ अंशांना होती, इतकी गार की उन्हाळ्यात 'गारव्याला आमच्याकडे या' अशी कंपनी जाहिरात करायची. पुढे शंभर वर्षं गाड्यांचे ब्रेक, मोटारी आणि माणसांची अंगं यांची उष्णता त्या मातीने पिऊन घेतली. आता माती वीसच्या वर गेली आहे आणि उष्णता जायला जागा नाही. डबे १९७२ च्या बनावटीचे, एसी नाही. वर लंडन कुडकुडत असलं तरी खाली मे महिना.

रीजंट्स पार्क आलं, माकडटोपी उतरली. ऑक्सफर्ड सर्कस, मफलर उतरला. पिकॅडिली सर्कसला जॅकेटची चेन खाली आली. चेरिंग क्रॉसला जॅकेट काखेत. आता राहिलं थर्मल. ते कुठल्या स्टेशनवर उतरवणार? (हशा)

तिथून नॅशनल गॅलरी. प्रवेश फुकट, म्हणून साडूभाऊंनी सगळी दालनं पाहायचा निश्चय केलेला. टर्नर या चित्रकाराच्या त्या जुन्या जहाजाच्या चित्रापुढे माणसं भान हरपून उभी असतात. आमचे साडूभाऊ गुंडाळलेली गादी धरावी तसं ते जॅकेट या काखेतून त्या काखेत करत होते आणि कपाळ पुसत होते. दोन तासांनी बाहेर पडलो आणि थेम्सवरच्या पादचारी पुलावर गेलो. नदीवरचा वारा समोरून आला. आत थर्मल घामाने ओलं. दोन मिनिटांत दातावर दात वाजायला लागले. उणे वीसचं जॅकेट घातलेला माणूस अधिक बारा अंशांत कुडकुडतोय, हे मी या डोळ्यांनी पाहिलं.

कारण सोपं आहे. सुती किंवा सुतीमिश्रित कापड घाम पितं आणि ओलं राहतं. ओल्या कपड्याला वारा लागला की तो अंगाची ऊब ओढून घेतो. लोकर मात्र आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. म्हणजे साडूभाऊंना थंडी बाधली नाही, त्यांना उकाडा बाधला.

(मागून प्रश्न : आणि पाऊस?) बरं झालं विचारलंत. लंडन म्हणजे पाऊस, असं आपल्या डोक्यात असतं. लंडनचा वर्षाचा पाऊस साधारण ६०० मिलिमीटर. पुण्याचा ७०० च्या वर. मुंबईचं विचारूच नका, तिथे २,००० च्या पुढे. आपला पाऊस चार महिन्यांत पडून मोकळा होतो, त्यांचा बारा महिने पुरवून पुरवून वापरतात. छत्री तिथे वाऱ्याने उलटी होते, हे लक्षात ठेवा. छत्रीवरून आठवलं. १७५० च्या सुमारास जोनास हॅनवे नावाचा गृहस्थ लंडनच्या रस्त्यावर छत्री घेऊन फिरायला लागला, तेव्हा पुरुषांनी छत्री वापरायची पद्धत नव्हती. सगळ्यात जास्त चिडले घोडागाडीवाले, कारण पाऊस हाच त्यांचा सीझन. आपले रिक्षावाले मीटर टाकायला कधी नाही म्हणतात, ते आठवा. (हशा)

आणि रेनकोट! चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ साली पेटंट घेतलं, दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर. बाहेरचा पाऊस आत येईना, पण आतला घामही बाहेर जाईना. मग आला थॉमस बर्बरी, आमच्यासारखाच कापड दुकानदार, बेसिंगस्टोक गावचा. त्याने कापड विणायच्या आधी सुतावरच पाणी न धरण्याची प्रक्रिया केली आणि मग वीण घट्ट ठेवली. १८८८ चं पेटंट. त्या कापडाचं नाव गॅबर्डीन. तुमच्यातल्या कित्येकांनी लग्नात गॅबर्डीनची पँट शिवली असेल, काहींची मीच मोजून फाडली आहे. तेव्हाचा भाव...

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अहो, यादी राहिली! बरं, लिहून घ्या भराभर.

अंगालगत पातळ लोकरीचं, मेरिनो मेंढीच्या लोकरीचं मिळालं तर उत्तम. थर्मल फक्त उघड्यावर तासन् तास उभं राहायचं असेल तर, उदाहरणार्थ ५ नोव्हेंबरच्या रात्री मैदानात आतषबाजी बघताना. वर स्वेटर, पण पुढून बटणांचा. डोक्यावरून काढायचा घेतलात तर प्रत्येक दारात चष्मा आणि कानातलं यंत्र सांभाळत बसाल. सगळ्यावर वारा आणि पाऊस अडवणारा, गुडघ्यापर्यंतचा, टोपीचा हलका कोट, गुंडाळून पाठीवरच्या सॅकमध्ये मावणारा. नाही मावला तर नेऊ नका. पासपोर्ट कोटात नाही, आतल्या खिशात ठेवा, कारण कोट दिवसभर निघत राहणार. बुटांना रबरी तळ हवा. फुटपाथवर प्लेन नावाच्या झाडांची पानं ओली होऊन पडलेली असतात आणि चामडी तळ त्यांवर सरकतो. दोन-दोन मोजे घालून बूट आवळू नका, रक्त फिरत नाही आणि पाय जास्तच गार पडतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं तासाने मागे जातात, मग साडेचार-पावणेपाचला अंधार. त्याआधी चालायची ठिकाणं उरका. किंग हेन्रीज रोडवरचं बाबासाहेबांचं घर तुमच्या यादीत आहे, १९२१-२२ साली ते तिथे राहत होते, २०१५ साली आपल्या सरकारने घेतलं. चॉक फार्म स्टेशनपासून पायी जावं लागतं, तेव्हा ते दुपारी ठेवा.

हो वहिनी, साडी नेसता येते. परकराऐवजी आत लोकरी लेगिंग, पायात घोट्यापर्यंतचे बूट, साडी घोट्याच्या जरा वर, पदर पिन करून कोटाच्या आत. नुसती शाल नको, पुलावर हात फक्त तिलाच पुरतात. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं आणि निऱ्या हातात धरायच्या.

आणि त्या हलक्या कोटाखेरीज लोकरीचा कोटही हवाच असेल, तर त्यावर इथे पैसे घालवू नका. केन्सिंग्टन, चेल्सी भागांत धर्मादाय संस्थांची जुन्या कपड्यांची दुकानं आहेत. श्रीमंतांनी चार वेळा घातलेले अस्सल लोकरीचे कोट तिथे स्वस्तात मिळतात. पहिल्या दिवशी घ्यायचा, निघायच्या दिवशी त्याच दुकानात परत देऊन टाकायचा, म्हणजे विमानात वजनही नको. साडूभाऊंना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "दुसऱ्याचं घातलेलं मी घालत नाही." दुसऱ्या आठवड्यात त्यांनी तिथून दोन आणले.