ओढूनताणून आणलेला थरार

(मालिका-लेखन शिकणाऱ्यांसमोर लातूरला दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मित्रहो, थरारक मालिकेचा भाग बघताना घरातलं कुणीतरी मध्येच म्हणतं, "काहीही दाखवतात." हे वाक्य नेमकं कितव्या मिनिटाला येतं, तिकडे लेखकाने लक्ष द्यावं. त्याच प्रेक्षकाने अर्ध्या तासापूर्वी याहून अशक्य गोष्ट निमूट मान्य केलेली असते. सुरुवातीला पिशवी चुकीच्या माणसाच्या हाती लागली, तर कुणी कुरकुरत नाही. शेवटी पोलिसांची गाडी नेमकी त्याच वळणावर आली, की सगळे वैतागतात. योगायोग दोन्हीकडे आहेच, पण पहिला पात्राला अडकवतो आणि दुसरा सोडवतो. अडकवणारा चालतो. सोडवणारा चालत नाही.

एक भाग इथेच उभा करू. वाहिन्यांना तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवता येतात, म्हणजे तासाच्या भागात आपल्या हाती ४५ ते ४८ मिनिटं उरतात. गाव गंगाखेडजवळचं, गोदाकाठचं. दिवाळीच्या आधीचे दिवस, ऊसतोडीला टोळ्या निघायची वेळ. एका पोराने मुकादमाची उचलीची, म्हणजे मजुरांना दिलेल्या आगाऊ पैशांची वही पळवली आहे. कुणाला किती दिले, किती फिटले आणि व्याजाच्या नावाखाली किती फुगवले, ते सगळं त्या वहीत आहे. मुकादमाची माणसं मागावर आहेत. पोरगा भावकीच्या सामाईक विहिरीत उतरून कपारीवर बसतो, गुडघाभर पाण्यात. वही सदऱ्याच्या आत.

इथे बहुतेक लेखक खलनायकाच्या हातात पिस्तूल देतात. गरज काय? शेतीच्या लाईनला मोटारीला लागणारी थ्री फेज वीज ठरलेल्या पाळीतच असते. या आठवड्यात पाळी रात्री १२ ची आहे, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. विहिरीत पाणबुडी मोटार आहे. तिच्या केबलचा एक जोड चिकटपट्टी गुंडाळून केलेला आहे आणि पाण्याखाली आहे. विहिरीपासून दूरच्या शेडमध्ये स्टार्टर आहे. मुकादमाचा माणूस शेडमध्ये जातो, ऑटोचं बटण चालू करतो आणि निघून जातो. आता कुणी काही करायची गरज नाही. लाईट आली की मोटार आपोआप सुरू होणार, जोडातून करंट पाण्यात उतरणार.

या रचनेची ताकद कशात आहे ते बघा. घड्याळ गावाचं आहे, लेखकाने भिंतीवर टांगलेलं नाही. धोका पोराला माहीत नाही, प्रेक्षकाला माहीत आहे. आणि ऑटो लाईट आल्याआल्या मोटार उचलत नाही. आधी पेटीवरचे दिवे लागतात, मग काही सेकंद जातात, मग मोटारीला वीज जोडणारा आतला कॉन्टॅक्टर खट्‌कन बसतो. ते काही सेकंद म्हणजे आपल्या भागाचा कळस. संगीत तिथे बंद ठेवा, दिवे आणि तो आवाज पुरेत.

मात्र हे सगळं आधी पेरलेलं हवं, आणि पेरताना लपवू नये. सहाव्या मिनिटाला बहीण शेडमध्ये येते, चुलता ऑटो बंद करत म्हणतो, "पोरी, जोड खराब झालाय. ह्याला हात लावू नकू." प्रसंग वादाचा ठेवा, चुलत्याशी पाण्याच्या पाळीवरून चाललेला. माहिती वादाच्या ओघात आली की प्रेक्षक ती पाठ करत नाही, पण विसरतही नाही. त्याच शेडमध्ये तीन भावांच्या तीन मोटारींचे तीन स्टार्टर शेजारी शेजारी दिसले पाहिजेत, कारण पुढे अंधारात बहिणीला त्यातला नेमका एक ओळखायचा आहे.

आता सुटका. सर्वांत वाईट तोड म्हणजे नेमकी तेव्हाच डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर जळणे. आपल्याकडे डीपी जळते, वारंवार जळते आणि बदलून मिळायला वाट बघावी लागते. तरीही त्या क्षणी ती जळता कामा नये. घटना खरी असणं वेगळं, तिथे शोभणं वेगळं. हीच डीपी पाचव्या मिनिटाला जळू द्या, तिच्यामुळे गावाची पाळी रात्रीवर ढकलली जाऊ द्या, ती सोन्याची होते. शेवटी बहिणीनेच शेडमध्ये जाऊन चुलत्याच्या पेटीचे फ्यूज काढावेत. त्यासाठी तिला काहीतरी गमवायला लावा. भाऊ कुठे लपलाय हे मुकादमाला कळलंय, एवढं समजल्यावर ती त्याला हाक मारायला विहिरीकडे धावेल की शेडकडे? दोन्हीकडे जायला वेळ नाही. थरार या निवडीत आहे.

ओढूनताणून आणलेल्या काही नेहमीच्या गोष्टी भराभर सांगतो. "त्याला एक मिनिट बोलत ठेवा, ट्रेस करतो" हे जुन्या यांत्रिक एक्स्चेंजच्या काळातलं. आज करणाऱ्याचा नंबर कॉल लागतानाच नोंदला जातो. उलट टॉवरवरून घर सापडत नाही. खेड्यात एक टॉवर काही किलोमीटरचा परिसर सांभाळतो, त्यातून दिशा आणि पट्टा कळतो, दार नाही. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावला की माणूस दोन सेकंदांत कोसळत नाही, काही मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ तो झटापट करतो. लातूरहून नांदेड सुमारे १४० किलोमीटर आहे. नायक चहा संपायच्या आत तिथे पोचला, तर आपल्याकडचा प्रत्येक एसटीचा प्रवासी ते पकडणार. २००१ मध्ये सुरू झालेल्या '२४' या अमेरिकन मालिकेत कथा प्रत्यक्ष वेळेत चालायची आणि घड्याळ जाहिरातींच्या वेळेतही पुढे सरकायचं. प्रवास त्या फटीत टाकता यायचा. ओटीटीवर ती फटही नाही.

मृत्यूची वेळ जरा थांबून बघण्यासारखी आहे. मालिकेतला डॉक्टर अंग थंड पडलंय म्हणून तास मोजतो. मे महिन्यात परभणीला पारा ४२ च्या पुढे जातो आणि शरीराचं तापमान असतं ३७. दुपारी शेतात पडलेलं प्रेत थंड होणारच नाही. ताठरपणा लवकर येतो, लवकर उतरतो, आणि कुजणं एका दिवसात दिसू लागतं. म्हणजे वेळेचा अंदाज सैल होतो आणि संशयिताला पळवाट मिळते. तज्ज्ञाने छातीठोक वेळ सांगण्यापेक्षा "दुपार ते रात्र, याहून नेमकं सांगता येणार नाही" असं म्हणणं जास्त ताण देतं. खरी माहिती कथेला अडवत नाही, तिला नवीन अडचणी पुरवते.

शेवटच्या मिनिटाचा धक्काही याच कसावर घासायचा. दारामागे सावली, पुढच्या भागात ती शेजारीण निघाली, हा फसवा शेवट. प्रेक्षक एकदा फसतो, दुसऱ्यांदा चॅनेल बदलतो. आपल्या भागात पोरगा वर येतो, वही भिजलेली. लेखकाची सोय म्हणून ती सगळीच वाचू देऊ नका किंवा सगळीच पुसू देऊ नका. बॉलपेनची शाई तेलकट, ती पाण्यात टिकते. स्टॅम्प पॅडची शाई पसरते. नवव्या मिनिटाला मुकादम बॉलपेनने आकडे मांडताना आणि नावांऐवजी मजुरांचे अंगठे उठवून घेताना दाखवला असेल, तर आता पानावर आकडे स्पष्ट आहेत आणि अंगठ्यांच्या जागी निळे डाग. उचल किती हे सिद्ध होतं, कुणाची हे होत नाही. साक्ष द्यायला ते मजूर हवेत, आणि सकाळी सहाला टोळीचा ट्रक निघणार आहे.