व्हिशीचे शाले: बागेकडे तोंड करून बसलेली घरं

मंडळी, व्हिशी हे फ्रान्समधलं औषधी झऱ्यांचं गाव. पण नाव काढलं की लोकांना दुसऱ्या महायुद्धात जर्मनीशी हातमिळवणी केलेलं पेताँचं सरकार आठवतं. हे माझ्या मनाला फार लागतं. 1940 साली सरकार त्या गावात गेलं, कारण तिथे हॉटेलांच्या खोल्या भरपूर होत्या. आणि खोल्या होत्या त्या पाण्यामुळे. सेलेस्तँ झऱ्याचं पाणी मी प्यायलोय. खायच्या सोड्याची चव आणि बारीक बुडबुडे. आपली आजी पोट दुखलं की द्यायची, अगदी तसंच.

फ्रान्सचा सम्राट नेपोलियन तिसरा 1861 ते 1866 या काळात पाच वेळा इथे उपचाराला आला. पहिल्या खेपेला तो इझाक स्ट्राउस या संगीतकाराच्या बंगल्यात उतरला. मग ल फॉर या वास्तुरचनाकाराने आल्ये नदीकाठच्या नव्या बागेला लागून सम्राटासाठी आणि त्याच्या लोकांसाठी शाले, म्हणजे डोंगराळ मुलखातल्या धाटणीची घरं, बांधले. आमच्या वाटाड्याने 'स्विस धाटणी' एवढंच सांगितलं आणि तो चालू लागला. मी मागेच राहिलो. समोर खांबांवर पेललेली ऐसपैस गॅलरी, तिला कातीव लाकडी झालर. अहो, ही तर हिंदुस्थानातल्या बंगल्याची पडवी! फ्रेंच माणूसही तिला व्हेरांदा म्हणतो, आणि तो शब्द आपल्याकडूनच इंग्रजीमार्गे त्याच्याकडे गेला. स्विस डोंगर आणि आपल्याकडचा उन्हाळा, दोन्ही एका घरात नांदतात. वाटाड्याने हे सांगायलाच हवं होतं.

आणि या पडव्यांचं तोंड रस्त्याकडे नाही, बागेकडे आहे. रस्त्यावर बघ्यांची गर्दी व्हायची. आजारी माणसाला निवांतपणा लागतो, मग तो सम्राट का असेना. राजवाडा लोकांनी बघावा म्हणून बांधतात. हे घर मात्र कुणी बघू नये म्हणून बांधलंय. मला एवढंच ठासून सांगायचंय.

आता तो किस्सा, कारण मागच्या रांगेतून फर्माईश आलीय. सम्राज्ञी युजेनी सम्राटाबरोबर फिरायला निघाली होती. समोरून एक कुत्रं धावत आलं आणि शेपटी हलवत सम्राटाच्या अंगावर चढलं. कुत्रं होतं मार्गरित बेलांजेचं, म्हणजे सम्राटाच्या मैत्रिणीचं. युजेनीला सगळं कळलं आणि ती गाव सोडून गेली, असं सांगतात. बघ्यांना टाळता आलं, कुत्र्याला नाही!

चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं उरलीत. मूळ विषय होता या घरांनी गाव कसं घडवलं. थोडक्यात सांगतो. सम्राटाच्या 1861 च्या फर्मानाने रस्ते आणि बागा आल्या, 1862 मध्ये रेल्वे, 1865 मध्ये कॅसिनो आणि सेंट लुई चर्च. राजा येतो म्हटल्यावर श्रीमंतही आले, त्यांच्यामागून हॉटेलं आली. 2021 मध्ये युनेस्कोने युरोपातली अकरा झऱ्यांची गावं जागतिक वारशात घेतली, त्यांत व्हिशी आहे. सम्राटाचं म्हणाल, तर 1870 मध्ये सेदाँच्या लढाईत तो प्रशियाकडून हरला. 1873 मध्ये इंग्लंडमध्ये मूत्राशयातल्या खड्यावरच्या शस्त्रक्रियांनंतर तो गेला. ज्या पडवीत बसून तो बरा व्हायला बघत होता, ती अजून बागेकडेच तोंड करून आहे.