उपाशी माशाच्या मागावर : स्कॉटलंडच्या डी नदीवरचा वसंत

एप्रिलचा पहिला आठवडा उजाडला आहे, पण चित्रफितीत दिसणारा, सॅमन मासा गरवायला आलेला हा माणूस छातीपर्यंत येणारा जलरोधक पोशाख आणि आत लोकरीचे दोन जोड चढवूनच पाण्यात उतरला आहे. मांडीइतक्या खोल वाहणारे हे पाणी केर्नगॉर्म पर्वतरांगेत, सुमारे १,२०० मीटर उंचीवर उगम पावते, वसंतात वितळत्या बर्फावर पोसले जाते आणि ब्रेमार, बॅलटर, बँकरी ही गावे मागे टाकत सुमारे १४० किलोमीटरचा प्रवास करून ॲबर्डीन येथे उत्तर समुद्राला मिळते. या डी नदीवर सॅमन गळाने धरण्याचा हंगाम १ फेब्रुवारीला सुरू होतो, आणि तिची ख्याती आहे ती वसंतात येणाऱ्या माशांसाठी.

आपल्याकडे रावसाला बाजारात ‘इंडियन सॅमन’ म्हणतात. त्या नावावरून कुणी या माशाची कल्पना करू नये, कारण दोघांचे कूळ वेगळे आहे. अटलांटिक सॅमन नदीच्या गोट्यांखाली अंड्यातून बाहेर येतो, दोन-तीन वर्षे गोड्या पाण्यात वाढतो, मग चंदेरी होऊन समुद्रात उतरतो आणि ग्रीनलंड, फेरो बेटांच्या परिसरात खाऊन-पिऊन मोठा झाल्यावर आपल्या जन्मनदीत परततो. नदीत शिरल्यानंतर मात्र त्याचे खाणे थांबते. वसंतात आलेला मासा नोव्हेंबरच्या आसपास अंडी घालतो, म्हणजे तोवरचे सगळे महिने तो समुद्रात साठवलेल्या चरबीवर काढतो.

मग जो मासा खातच नाही, त्याला गळाला लावायचे कसे? कोकणात गरवायला बसणारा माणूस गरीला कोळंबी लावतो, कारण समोरचा मासा भुकेला असतो. येथे गळाला आमिष नसते. असते ती केस, पिसे आणि चमकदार तार गुंडाळून बनवलेली ‘फ्लाय’, जिला माशी म्हणावे तर तिच्यासारखी माशी निसर्गात कुठेही सापडत नाही. सॅमन तिच्यावर झडप का घालतो, हे अजून कुणी ठामपणे सांगू शकलेले नाही. कुणी म्हणते लहानपणीची सवय जागी होते, कुणी म्हणते मासा चिडतो. माझ्या मते या छंदाची निम्मी गोडी या न सुटलेल्या कोड्यातच आहे.

या फ्लायचा एक धागा थेट सह्याद्रीत पोहोचतो. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश कारागीर सॅमनच्या फ्लायला दोन्ही बाजूंनी जी पिसे लावत, ती आपल्या जंगलांतील राखी रानकोंबड्याच्या मानेवरची असत. त्या पिसांवरचा मेणासारखा पिवळसर ठिपका पाण्यात डोळ्यासारखा लकाकतो. भारतातून ही पिसे नेण्यास आता बंदी आहे, आणि परदेशात पाळलेल्या पक्ष्यांची पिसे वापरली जातात.

आता या माणसाच्या हातांकडे पाहा. काठी सुमारे १५ फुटांची आहे आणि ती दोन्ही हातांनी धरली आहे. मागे झाडी आणि उंच काठ असल्यामुळे दोर पाठीमागे भिरकावता येत नाही. म्हणून तो दोराचे टोक क्षणभर पाण्यावर टेकवतो, शेजारी एक मोठा फास उभा करतो आणि त्याच जोरावर दोर पलीकडच्या काठाकडे सोडतो. शेजारच्या स्पे नदीवरून या फेकीला ‘स्पे कास्ट’ हे नाव पडले. फ्लाय प्रवाहाबरोबर कमान काढत अलीकडे येते, माणूस एक पाऊल खाली सरकतो आणि पुन्हा फेकतो. डोह संपेपर्यंत एवढेच चालते.

पाणी थंड असताना मासा तळाशी सुस्त पडून असतो, त्यामुळे बुडणारा दोर आणि मोठी फ्लाय लागते. पाणी साधारण १० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की तरंगता दोर आणि छोटी फ्लाय पुरते. ही दुसरी रीत नावारूपाला आणली ती याच नदीवर, बँकरीजवळच्या केर्नटन येथे, आर्थर वुड यांनी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते रेशमी दोराला चरबी चोळून तो तरंगत ठेवत.

दोर ताणला गेला आहे. येथे नवखा माणूस काठीला हिसका देतो आणि मासा घालवतो. जाणता माणूस माशाला वळू देतो, त्याचे वजन जाणवले की मगच काठी उचलतो. काही मिनिटांनी वाटाड्या, ज्याला इकडे ‘गिली’ म्हणतात, जाळे पाण्यात धरतो. मासा चंदेरी आहे, म्हणजे समुद्रातून नुकताच आलेला आहे. अंडी घालून खंगलेले मासेही या दिवसांत परतीच्या वाटेवर गळाला लागतात, आणि त्यांना सोडावेच लागते.

या ताज्या माशालाही सोडायचेच आहे. २०१५ पासून स्कॉटलंडमध्ये दरवर्षी ३१ मार्चपर्यंत सापडलेला प्रत्येक सॅमन परत सोडणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि डीच्या काठी त्या तारखेनंतरही तीच रीत पाळली जाते. डिसेंबर २०२३ मध्ये धोक्यातील प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीने ब्रिटनमधील सॅमनला ‘संकटग्रस्त’ ठरवले. उन्हाळ्यात उपनद्यांचे पाणी तापून पिल्लांना त्रास होतो, म्हणून डीच्या वरच्या खोऱ्यात सावलीसाठी काठाकाठाने झाडे लावली जात आहेत.

गिली गळ काढतो. माशाला पाण्याबाहेर न काढता, तोंड प्रवाहाकडे करून तो दोन्ही तळव्यांवर तोलून धरतो. कल्ले संथपणे हलतात, शेपटीत जोर येतो आणि मासा गडद पाण्यात नाहीसा होतो. नोव्हेंबरला अजून सात महिने आहेत, आणि तोवर त्याला काहीही खायचे नाही.