सेन्सर म्हणतो पाठवलं, जावा म्हणतो आलंच नाही
(पुण्यातल्या एका भाषणाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. एवढ्या पावसात, ट्रॅफिकमधून वाट काढत आलात, बरं वाटलं. थेट मुद्द्यावर येतो.

चाकणच्या एका कारखान्यात भट्ट्यांच्या तापमानाचं काम होतं. सेन्सर एमक्यूटीटी बोलायचे, म्हणजे छोट्या उपकरणांची मेसेज पाठवायची भाषा, अलार्म वाजवणारं ॲप जावातलं, जेएमएसवालं, म्हणजे जावाची मेसेज देण्याघेण्याची पद्धत वापरणारं, आणि मध्ये ब्रोकर, म्हणजे मेसेज घेऊन पुढे देणारा सर्व्हर, ॲक्टिव्हएमक्यू क्लासिक. ट्रायलच्या दिवशी शिफ्टचे सुपरवायझर काका म्हणाले, "साहेब, भट्टी तापलीय, लांबून धग लागतीये, तुमचा अलार्म गप्प का?" सेन्सरवाला म्हणतो माझ्याकडून गेलं, हा बघा पबॅक, म्हणजे पोचपावती. जावावाला म्हणतो माझ्याकडे काहीच नाही, एररसुद्धा नाही. आणि दोघंही खरंच सांगत होते, कारण क्यूओएस 1 चा, म्हणजे 'निदान एकदा तरी पोचव' या पातळीचा, पबॅक म्हणजे ब्रोकरला मिळालं एवढंच, पुढे कोणाला पोचलं की नाही ते त्यात नसतंच. हे मी परत परत सांगतो कारण इथेच लोक दोन-दोन दिवस घालवतात, आणि भांडणं होतात ती वेगळीच.

मग आम्ही ब्रोकरचा वेब कन्सोल उघडला, 8161 पोर्टवर. टॉपिक्सच्या, म्हणजे ऐकत असलेल्या सगळ्यांना वाटायच्या मेसेजच्या, टॅबमध्ये चाकण डॉट लाइन2 डॉट टेम्प, एन्क्यूडचा, म्हणजे आत आलेल्या मेसेजचा, आकडा वाढतोय आणि कन्झ्युमर, म्हणजे मेसेज घेणारे, 0. क्यूजच्या, म्हणजे कोणी उचलेपर्यंत मेसेज थांबणाऱ्या रांगांच्या, टॅबमध्ये अगदी त्याच नावाची क्यू, कन्झ्युमर 1, एन्क्यूड 0. नाव एकच पण घरं दोन! सेन्सर स्लॅश लावून पाठवतो, ब्रोकर त्याचा डॉट करतो, त्यामुळे नाव तंतोतंत जुळलेलं दिसत होतं आणि म्हणूनच कोणाला शंका आली नाही.

असं का होतं? एमक्यूटीटी 1999 मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनींसाठी केला, सॅटेलाइटची महागडी लिंक, म्हणून सगळं आटोपशीर. त्यात फक्त टॉपिक. जेएमएसमध्ये मात्र क्यू आणि टॉपिक दोन्ही, आणि आमच्या जावावाल्याने सवयीने क्यू लिहिलेली. ऐकणारं कोणी नसलेल्या टॉपिकवर मेसेज आला की ब्रोकर तो टाकून देतो.

उपाय म्हणजे व्हर्च्युअल टॉपिक, पाठवणाऱ्याला टॉपिक, पण मागे प्रत्येक घेणाऱ्या ॲपसाठी वेगळी क्यू. सेन्सरने व्हर्च्युअलटॉपिक स्लॅश चाकण वगैरे नावावर पाठवायचं, जावाने कन्झ्युमर डॉट अलार्म डॉट व्हर्च्युअलटॉपिक डॉट चाकण अशा क्यूवरून उचलायचं. ॲप बंद पडलं तरी मेसेज क्यूत थांबतात, भट्टीच्या बाबतीत हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता एन्क्यूड वाढला, डीक्यूडही, म्हणजे उचलून झालेल्यांचा आकडाही, वाढला. अलार्म तरी गप्पच.

कोड उघडला तर एक इफ, मेसेज टेक्स्टमेसेज, म्हणजे मजकुराच्या प्रकारचा, असेल तर वाचा. एल्स, म्हणजे नसेल तर काय करायचं ते, नाहीच. एमक्यूटीटीचा पेलोड, मेसेजच्या आतला माल, म्हणजे नुसते बाइट्स, ॲक्टिव्हएमक्यू त्याचा बाइट्समेसेज करून देतो, मग तो इफमधून गुपचूप निसटायचा आणि वर ॲक्नॉलेजही व्हायचा. स्टॉम्प, ही मेसेज पाठवायची आणखी एक भाषा, वापरणाऱ्यांनी पण लक्ष द्या, कंटेंट-लेंग्थ हेडर असला की बाइट्स, नसला की टेक्स्ट, एवढ्याशा हेडरवर सगळं फिरतं.

आम्ही आधी त्या एल्समध्ये लॉगची एक ओळ टाकली, मग बाइट्स यूटीएफ-8 ने, म्हणजे अक्षरं म्हणून, वाचायला लावले, आणि मॉस्किटो-पब या एमक्यूटीटी मेसेज पाठवायच्या टूलने हाताने एकच मेसेज सोडला, 912 डिग्री. काका माझ्या शेजारी उभे होते, भोंगा वाजला तेव्हा त्यांनी आधी भट्टीकडे बघितलं.