रस्त्याचे सांधे

(दृश्य: पहाट. नुकताच पूर्ण झालेला रस्ता. कडेला वाकून पाणसळ लावणारी एक अभियंता.)

नवा रस्ता पाहताना डोळा आधी त्याच्या काळ्याभोर पृष्ठभागाकडे जातो, मग पांढऱ्या पट्ट्यांकडे, आणि बहुतेकांची पाहणी तिथेच संपते. रस्ता बांधणारी माणसे मात्र कडेला जातात. डांबर संपून गटार सुरू होते ती रेघ, चेंबरच्या झाकणाभोवतीचा गोल, पुलाचा स्लॅब आणि भरावावरचा रस्ता यांच्यामधली फट, सायकल मार्ग चौकात उतरतो तो कोपरा, अशा जागी ती वाकून पाहतात, कधी बुटाच्या टाचेने दाबून पाहतात. वस्तीतला रस्ता, ओढ्यावरचा लहान पूल आणि शाळेपर्यंत जाणारा सायकल मार्ग या तिन्ही कामांकडे आपण आज अशाच जागांवरून पाहणार आहोत, कारण ही कामे बिघडतात ती बहुधा सांध्यांपाशी.

रस्त्याचा पहिला सांधा पाण्याशी असतो. रस्ता दिसायला सपाट असला, तरी सपाट रस्ता हा वाईट रस्ता होय. 7 मीटर रुंदीच्या रस्त्याला मधून दोन्ही कडांकडे अडीच टक्के उतार दिला, तर मध्यरेषा कडेपेक्षा पावणेनऊ सेंटिमीटर उंच राहते. चालणाऱ्याला हा फरक जाणवतही नाही, पण पावसाच्या थेंबाला तेवढा पुरतो. तो उतार एखाद्या ठिकाणी बुजला, किंवा गटाराचे तोंड रस्त्यापेक्षा बोटभर उंच राहिले, की पाणी थबकते, आणि रस्त्याच्या आयुष्याची उलटी मोजणी सुरू होते.

ही समज नवी नाही. मूळचे स्कॉटलंडचे जॉन मॅकॅडम 1816 मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसराच्या रस्त्यांचे सर्वेक्षक झाले, तेव्हा चांगल्या रस्त्याखाली मोठमोठ्या दगडांचा पाया हवाच, असे मानले जात असे. मॅकॅडम यांचे म्हणणे वेगळे होते. भार शेवटी खालची जमीनच पेलते, आणि कोरडी असेल तर ती तो नीट पेलते. म्हणून रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडा उंच ठेवावा, त्यावर एकसारख्या आकाराची, हाताने फोडलेली बारीक खडी पसरावी आणि पाण्याला बाहेर जायला वाट द्यावी. दगड फार मोठा राहू नये यासाठी खडीच्या आकाराची मर्यादा ठरवून दिलेली असे. त्यानंतर दोनशे वर्षांत यंत्रे बदलली, डांबर आले, काँक्रीट आले. जमीन कोरडी ठेवण्याचा नियम मात्र आजही प्रत्येक नकाशात आहे.

(दृश्य: पाऊस उघडल्यानंतरचा रस्ता. एका बारीक भेगेभोवती मातकट डाग.)

हा डाग नीट पाहावा. डांबराच्या थराला केसाएवढी भेग पडते, पाणी तिच्यातून खाली झिरपते आणि खडीच्या थरातील बारीक माल भिजून सैल होतो. वरून चाक गेले की दाबाखाली ते पाणी उसळते आणि येताना तो बारीक माल भेगेतून वर घेऊन येते. भेगेभोवतीचा मातकट डाग म्हणजे रस्त्याच्या पोटातून बाहेर आलेला हाच माल. असे हजारो वेळा घडले की खाली पोकळी तयार होते, वरचा थर अधांतरी राहतो आणि एके दिवशी एखाद्या अवजड चाकाखाली त्याचा तुकडा तुटतो. आपण ज्याला खड्डा म्हणतो, तो या प्रक्रियेचा शेवट आहे. भेग वेळीच डांबराने सांधली, तर हे सगळे टळते, पण भेगा सांधण्याच्या कामाचे उद्घाटन होत नाही, त्यामुळे ते काम नेहमी मागे पडते.

खड्डा भरण्यालाही पद्धत आहे. त्याच्या कडा उभ्या आणि चौकोनी कापाव्या लागतात, आतली माती आणि पाणी काढून तळ कोरडा करावा लागतो, तळाला आणि कडांना पातळ डांबराचा हात द्यावा लागतो, आणि मग माल थराथराने भरून प्रत्येक थर दाबावा लागतो. साचलेल्या पाण्यात माल ओतून त्यावर फावड्याची पाठ मारली, तर ती भरणी जुन्या कडांना धरतच नाही, आणि पुढच्या पावसात तोच खड्डा थोडा रुंद होऊन परत येतो.

रस्त्यावर थरावर थर चढवत जाणे, ही आणखी एक सोपी वाटणारी चूक आहे. जुना थर यंत्राने खरवडून काढल्याशिवाय नवा थर टाकला, की रस्त्याची पातळी दर खेपेला काही सेंटिमीटरने वाढते, चेंबरची झाकणे खोलगट होतात, पदपथाची उंची कमी होते, आणि काही वर्षांनी पावसाचे पाणी रस्त्यावरून घराच्या उंबऱ्याकडे वळते. त्या घरातल्यांना नव्या रस्त्याचे कौतुक कसे वाटावे, हा प्रश्नच आहे.

नळवाहिनी, वीज किंवा दूरसंचार केबल यांसाठी खणलेला चर हे तर प्रत्येक वस्तीचे दुखणे आहे. चर भरताना माती थर करून दाबली नाही, तर ती वर्षभर बसत राहते आणि रस्त्यावर आडवी घळ पडते. यावरचा उपाय तांत्रिक कमी आणि कार्यालयीन जास्त आहे: डांबर टाकण्यापूर्वी ज्यांना ज्यांना जमिनीखाली काही टाकायचे आहे, त्या सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवून आधी खोदकाम उरकून घेणे, आणि भविष्यातील केबलसाठी रस्त्याखालून रिकामे पाइप घालून ठेवणे. हा सांधा दोन विभागांमधला आहे आणि आमच्या मते तोच सर्वांत कच्चा असतो.

रस्ता कोण झिजवतो, याचेही उत्तर ठाऊक असायला हवे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ओटावा या गावाजवळ 1958 ते 1960 या काळात खास बांधलेल्या बंद वळशाच्या मार्गांवर भारित ट्रक पुन्हा पुन्हा फिरवून रस्त्यांची चाचणी घेण्यात आली. रस्त्याचे नुकसान हे आसावरील, म्हणजे चाकांच्या जोडीला जोडणाऱ्या दांड्यावरील, भाराच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, असा निष्कर्ष त्यातून निघाला. म्हणजे आसावरचा भार दुप्पट झाला, तर नुकसान दुप्पट होत नाही. ते सोळा पट होते. याच हिशेबाने, आसावर 750 किलो भार असलेली मोटार एका फेरीत जेवढा रस्ता झिजवते, तेवढा झिजवायला आसावर 50 किलो भार असलेल्या सायकलीला सुमारे 50,000 फेऱ्या माराव्या लागतील. वस्तीतल्या अरुंद रस्त्यावरून अवजड वाहनांचा आडमार्ग पडला असेल, तर डांबराची जाडी वाढवण्याआधी तो बंद करण्याचा विचार करावा, असे हे गणित सांगते.

(दृश्य: ओढ्यावरचा पूल. वाहन पुलावर चढताना बसणारा धक्का.)

पुलावर चढताना बसणारा हा धक्का सर्वांच्या परिचयाचा आहे. पुलाचा पाया कठीण थरापर्यंत नेलेला असल्यामुळे पूल सहसा खचत नाही. त्याला भिडणारा रस्ता मात्र भरावावर असतो आणि भराव हळूहळू बसत जातो. दोन शेजाऱ्यांपैकी एक स्थिर आणि दुसरा खचणारा, म्हणून मधे पायरी तयार होते. भराव पातळ थरांत दाबणे आणि पुलाच्या टोकावर एक बाजू टेकलेला काँक्रीटचा स्लॅब भरावावर पसरणे, हे त्यावरचे उपाय आहेत. ते केलेले नसतील, तर दर वर्षी तिथे डांबराचा ढीग ओतणे हाती उरते.

पूल दिसायला निश्चल असला, तरी तो दररोज हलतो. 50 मीटर लांबीच्या काँक्रीटच्या पुलाच्या तापमानात 40 अंश सेल्सिअसचा फरक पडला, तर त्याची लांबी सुमारे 2 सेंटिमीटरने बदलते. तेवढी जागा देण्यासाठी प्रसरण सांधे असतात आणि खांबांच्या माथ्यावर बेअरिंग, म्हणजे पुलाला थोडे सरकू देणारे आधार, असतात. सांध्यात माती आणि खडी भरून तो गच्च झाला, किंवा त्यातून गळणारे पाणी बेअरिंगवर साचून ते गंजले, की पुलाला हलायची सोय उरत नाही आणि ताण काँक्रीटमध्ये उतरतो. झाडू, पाण्याचा फवारा आणि दोन माणसे एवढ्यावर टळणारे हे नुकसान आहे.

पुलाला खरा धोका बहुधा डोळ्यांआड असतो. अमेरिकेत ओहायो नदीवरील सिल्व्हर ब्रिज 15 डिसेंबर 1967 रोजी कोसळला आणि 46 जणांचा मृत्यू झाला. कारण ठरली ती एका पोलादी साखळीपट्टीतील सुमारे अडीच मिलिमीटर खोलीची भेग. त्या दुर्घटनेनंतर तिथे पुलांच्या नियमित तपासणीचे राष्ट्रीय निकष 1971 मध्ये लागू झाले. न्यूयॉर्क राज्यातील स्कोहारी ओढ्यावरचा महामार्गाचा पूल 5 एप्रिल 1987 रोजी पुरात पडला आणि 10 जण दगावले, तेव्हा पुलाचा वरचा भाग दोषी नव्हता. पाण्याच्या वेगाने खांबाच्या पायाखालची माती वाहून नेली होती. म्हणूनच पुराचे पाणी ओसरले, की कठड्याच्या रंगकामाआधी पायाची तपासणी करायची असते.

(दृश्य: स्लॅबच्या खालच्या बाजूला हातोडीने ठोकत जाणारा तपासनीस.)

हा आवाज ऐका. सलग काँक्रीटवर हातोडी खणखणते. आतली सळई गंजून फुगली असेल आणि थर सुटला असेल, तिथे तीच हातोडी बद्द वाजते. तपासनीस तेवढ्या भागाभोवती खडूने रेघ ओढतो आणि पुढे सरकतो.

आता सायकल मार्गाकडे वळू. इथे सांध्यांचे महत्त्व सर्वांत जास्त आहे, कारण सायकलस्वाराच्या आणि जमिनीच्या मधे दोन बोटे रुंदीचे चाक तेवढे असते. गटाराच्या जाळीच्या पट्ट्या सायकलच्या दिशेला समांतर बसवल्या, की पुढचे चाक फटीत जाते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. त्याच पट्ट्या आडव्या बसवल्या, तर काहीही होत नाही. जुना पूल रुंद करताना जुन्या आणि नव्या स्लॅबमध्ये लांबीच्या दिशेने राहणारी फटही तशीच घातक असते. मोटारीला ती कळत नाही, त्यामुळे मोटारीत बसून पाहणी करणाऱ्यालाही कळत नाही. सायकल मार्गाची पाहणी सायकलवरूनच करावी, असा आमचा आग्रह आहे.

एखाद्या मार्गाचे 500 मीटर सुरक्षित असून पुढचा चौक असुरक्षित असेल, तर पालक मुलाला त्या मार्गावर पाठवणार नाहीत. नेदरलँड्समध्ये 1971 या एका वर्षात रस्त्यांवर सुमारे 3,300 माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत 400 हून अधिक मुले होती. त्यानंतर पालकांनी आणि नागरिकांनी जी आंदोलने केली, त्यांतून आणि पुढे आलेल्या तेलसंकटातून त्या देशाची रस्तेरचना हळूहळू बदलली. आज सहज वाटणाऱ्या तिथल्या सायकलस्वारीमागे हा इतिहास आहे. स्पेनमधील सेव्हिल शहराने 2006 नंतर काही वर्षांत वाहनांपासून वेगळ्या केलेल्या सायकल मार्गांचे एकमेकांना जोडलेले जाळेच उभारले, आणि जाळे जोडलेले असल्यामुळे सायकलींची संख्याही झपाट्याने वाढली. तुटक तुकड्यांत बांधलेला मार्ग ओस पडतो, आणि मग तो ओस आहे या कारणावरून पुढचा तुकडा नाकारला जातो.

चौकातील सर्वांत उपयोगी सुधारणा बहुधा साधी असते. गल्लीच्या तोंडाशी सायकल मार्ग आणि पदपथ खाली न उतरवता त्याच उंचीवर पुढे नेले, की वळणाऱ्या मोटारीलाच तो उंचवटा ओलांडावा लागतो. वळणाची त्रिज्या लहान ठेवली, तर वेग आपोआप उतरतो. वेगाचे महत्त्व भौतिकशास्त्रच सांगते: ताशी 50 किलोमीटर वेगाच्या वाहनाची गतिज ऊर्जा ताशी 30 किलोमीटर वेगाच्या त्याच वाहनापेक्षा पावणेतीन पटींहून थोडी अधिक असते. उभ्या मोटारींच्या लगत मार्ग आखायचा असेल, तर अचानक उघडणाऱ्या दारासाठी सुमारे मीटरभर पट्टा मोकळा सोडावा लागतो. नुसती रंगाची रेघ दार अडवत नाही.

कसलेल्या हातांकडूनही सांधा निसटू शकतो. नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनजवळ मोठ्या चौकाच्या वर 72 मीटर व्यासाचे गोलाकार सायकल वर्तुळ 24 केबलींनी एका मनोऱ्याला टांगलेले आहे. पूर्ण झाल्यावर लवकरच वाऱ्याने केबली थरथरू लागल्या, तेव्हा ते बंद करून केबलींना कंपन शोषणारी साधने बसवण्यात आली आणि 2012 मध्ये ते पुन्हा खुले झाले. चूक दिसताच मार्ग बंद करून ती दुरुस्त करणे, हेही चांगल्या कामातच मोडते.

(दृश्य: वस्तीतला रस्ता. जमिनीवर खडूने आखलेला प्रस्तावित सायकल मार्ग, कडेला प्लास्टिकचे शंकू.)

आराखड्यावरच्या रेषा सर्वांना वाचता येत नाहीत, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. म्हणून काही ठिकाणी काम सुरू होण्यापूर्वी प्रस्तावित मार्ग जागेवरच खडूने आखला जातो, शंकू ठेवले जातात आणि काही आठवडे वापर करून पाहिला जातो. चाकाच्या खुर्चीला उतार फार चढा पडतो, कचऱ्याची गाडी वळत नाही, दुकानाचा माल उतरवायला जागा राहत नाही, शाळा सुटते तेव्हा कोपऱ्यावर गर्दी तुंबते, या गोष्टी अशा वेळी कळतात, आणि खडू पुसून दुसरीकडे रेघ ओढता येते. काँक्रीट पुसता येत नाही.

काम संपले, तरी ठेकेदाराची जबाबदारी करारात ठरलेल्या दोष दुरुस्तीच्या मुदतीपर्यंत चालू असते. ती मुदत केव्हा संपते हे वस्तीतल्या चार जणांना ठाऊक असले, आणि त्यांनी चेंबर, कडा आणि पुलाच्या टोकांची तारखेसह छायाचित्रे ठेवली, तर तक्रारीला वजन येते.

(दृश्य: पावसाची पहिली सर. रस्त्याच्या कडेला छत्री धरून उभी असलेली तीच अभियंता.)

पाणी मध्यरेषेवरून कडेकडे निघाले आहे. गटाराच्या जाळीत ते उतरते; सायकल मार्ग गल्लीला भिडतो त्या कोपऱ्यात मात्र ताटाएवढे डबके साचले आहे. ती वाकते, डबक्याच्या कडेने पिवळ्या मेणखडूचा गोल काढते आणि वहीत जागा टिपून ठेवते.